सोडा घालून घरचे आईस्क्रीम : गार कोण करते, फुलवते कोण?



वार्षिक परीक्षा संपत आली की विज्ञानाच्या तासाला एक प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच : "नुसता गोड सोडा आणि डब्यातले घट्ट दूध एवढ्यावर घरी आईस्क्रीम होते म्हणतात, ते खरे का?" होते. संत्र्याच्या सोड्याची बाटली, कंडेन्स्ड मिल्कचा डबा, बर्फ आणि मीठ यांवर आईस्क्रीम करण्याची रीत अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या घरांत बरीच जुनी आहे. आपल्याकडे या दोन्ही वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, आणि बडोद्यातल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर आजीच्या वेळचा संचा अजून आहे.

या प्रश्नामागून दुसरा येतो : "सोड्यातल्या वायूमुळे आईस्क्रीम फुगते ना?" आणि मग तिसरा : "सोडा म्हणजे स्वयंपाकघरातला पांढरा सोडाच ना?" हा तिसरा प्रश्न ऐकल्यावर हा पाठ सुट्टीआधीच्या अंकात द्यायचा, असे आम्ही ठरवले. एकाच नावाने घरात तीन-चार वस्तू असतात. त्यांतली चुकीची उचलली तर आईस्क्रीम बिघडेल, आणि एखादी तर जिवावर बेतेल. म्हणून आधी नावाचा घोळ सोडवू, मग संचा खाली काढू.

१. सोडा कोणता?

बाटलीतला सोडा म्हणजे दाबाखाली कार्बन डायऑक्साइड वायू विरघळवलेले पाणी. साखर, रंग आणि स्वाद घातला की तो गोड सोडा होतो. पूर्वी हे पाणी तयार करताना सोडियमचा क्षार वापरत, त्यावरून सोडा वॉटर हे नाव पडले. पुढे कृती बदलली, नाव राहिले. आपल्या आईस्क्रीमला हाच सोडा हवा.

खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. ढोकळ्यात आणि भज्यांच्या पिठात घालतात तो. आईस्क्रीमच्या मिश्रणात तो घातला तर साबणासारखी चव येते. तो आंबट सोड्यात पडला तर क्षणात फेस येऊन मिश्रण भांड्याबाहेर जाते.

धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो खाण्याचा नाही. तोंडात गेला तर तोंड आणि घसा भाजतो. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. तुंबलेली मोरी साफ करायला किंवा साबण करायला तो वापरतात. तो त्वचाही जाळतो. हे दोन्ही सोडे स्वयंपाकघराच्या फळीवर, विशेषतः जुन्या बरणीत चिठ्ठी न लावता ठेवू नयेत. सुट्टीतले पहिले काम हेच करा : घरातल्या मोठ्यांबरोबर प्रत्येक बरणी तपासा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहा.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. दूध नासू नये म्हणून उन्हाळ्यात त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकण्याची सवय काही ठिकाणी दिसते. दूध आंबू लागते तेव्हा जिवाणू त्यात आम्ल तयार करत असतात. सोडा त्या आम्लाचा आंबटपणा मारतो, त्यामुळे तापवल्यावर दूध फाटत नाही. जिवाणू मात्र तिथेच राहतात. म्हणजे दूध बिघडल्याची खूण तेवढी पुसली जाते. विक्रीच्या दुधात असा सोडा मिसळणे म्हणजे कायद्याने भेसळ आहे. घरच्या दुधातही तो घालू नये.

२. थोडा इतिहास

इंग्लंडमधील लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टली यांच्या घराशेजारी मद्याची भट्टी होती. तिथे आंबणाऱ्या रसावर साचणारा वायू पाण्यात मिसळून त्यांनी १७६७ साली पहिल्यांदा असे फसफसणारे पाणी बनवले. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ साली हाताने फिरवायच्या आईस्क्रीम यंत्राचे पेटंट घेतले. बाहेर लाकडी बादली, आत धातूचा डबा, त्यात फिरणारी पाती आणि वर दांडा, ही आपल्या संच्याची रचना त्याच घराण्यातली. १८७२ साली हायरम कॉड यांनी गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले, आणि ती बाटली आपल्या गल्लीबोळांत गोटी सोडा म्हणून रुळली. फिलाडेल्फियातच १८७४ साली एका प्रदर्शनात रॉबर्ट ग्रीन यांनी सोड्यात आईस्क्रीमचा गोळा सोडून विकला. आईस्क्रीम सोड्याचे जनक म्हणून बहुधा त्यांचेच नाव घेतले जाते.

आपल्या जवळचे उदाहरण अहमदाबादचे. वाडीलाल गांधी यांनी १९०७ साली तिथे सोड्याचे दुकान सुरू केले. ते कोठीत हाताने फिरवलेले आईस्क्रीमही विकत. सोडा आणि आईस्क्रीम यांची जोडी गुजरातेत शंभराहून अधिक वर्षांची आहे ती अशी.

३. बर्फात मीठ कशाला?

बर्फ ० अंश सेल्सिअसला वितळतो. मग नुसत्या बर्फात डबा फिरवला तर आईस्क्रीम का होत नाही?

शुद्ध पाणी ० अंशाला गोठते, पण त्यात काही विरघळले की गोठणबिंदू खाली जातो. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळली तर तो सुमारे १.८६ अंशाने उतरतो. पुढे दिलेल्या मिश्रणात साधारण अर्धा किलो पाणी आणि सगळी मिळून १७० ग्रॅमच्या आसपास साखर आहे. म्हणजे प्रमाण जवळजवळ तेच. त्यामुळे आपले मिश्रण उणे २ अंशाच्या आसपास गोठू लागेल. ० अंशाचा बर्फ त्याला उणे २ पर्यंत नेणार कसा? रात्रभर फिरवले तरी डब्यात गार सरबतच राहील.

आता बर्फावर मीठ टाका. मीठ बर्फाच्या पृष्ठभागावरील पाण्यात विरघळते, आणि त्या खारट पाण्याचा गोठणबिंदू ० च्या बराच खाली असतो. त्यामुळे बर्फ वितळू लागतो. वितळायला उष्णता लागते. १ ग्रॅम बर्फाचे ० अंशाचे पाणी होण्यासाठी ८० कॅलरी हव्यात. हाच त्याचा अप्रकट उष्मा. ही उष्णता बर्फ आजूबाजूने, म्हणजे स्वतः बर्फ, खारे पाणी आणि आतला डबा यांतून ओढून घेतो. म्हणून सगळेच ० च्या खाली थंड होते. वजनाने तीन भाग बर्फ आणि एक भाग मीठ घेतले तर हे तापमान तत्त्वतः उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. घरच्या बादलीत ते उणे १० ते उणे १५ पर्यंत उतरले तरी आपले काम होते.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या साध्या तापमापीवर बहुधा उणे १० पर्यंतच खुणा असतात. मीठ घातल्यावर काही मिनिटांत पारा त्या शेवटच्या खुणेकडे पळतो, हे पाहण्यासारखे असते. घरी तापमापी नसली तर बादलीच्या बाहेरच्या बाजूकडे पाहा. नुसत्या बर्फाच्या भांड्यावर दव जमते, मीठ घातलेल्या पातळ धातूच्या भांड्यावर पांढरा हिमकण धरतो.

४. साहित्य आणि कृती

साहित्य (सहा-सात वाट्यांसाठी) : संत्र्याचा गोड सोडा ५०० मिलिलिटर, कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम (४०० ग्रॅमच्या डब्याचे अर्धे), बर्फ ३ किलो, जाडे मीठ १ किलो, गोणपाट.

संचा नसेल तर दीड-दोन लिटरचा घट्ट झाकणाचा स्टीलचा उभा डबा आणि त्याभोवती चार बोटे जागा राहील अशी बादली घ्या.

१) सोड्याची बाटली आणि कंडेन्स्ड मिल्क दोन्ही फ्रिजमध्ये चार तास ठेवा. गार सोड्यात वायू अधिक मावतो आणि बाटली उघडताना कमी उसळते. २० अंशांपेक्षा ० अंशाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जवळजवळ दुप्पट विरघळतो.

२) मोठ्या पातेल्यात कंडेन्स्ड मिल्क घ्या. त्यात सोडा थोडा थोडा, पातेल्याच्या कडेने ओता आणि हलक्या हाताने ढवळा. फेस भरपूर येईल, म्हणून पातेले मोठेच हवे. फेस बसेपर्यंत दहा मिनिटे थांबा.

३) मिश्रण डब्यात ओता. डबा अर्ध्याहून थोडाच अधिक भरावा. फेस बसायच्या आत घट्ट झाकण लावून डबा हलवू नका. आतला वायू झाकण उडवील.

४) बादलीत तळाला बर्फाचा थर, त्यावर मिठाचा, असे थर देत डब्याच्या गळ्याच्या खालपर्यंत या. झाकणापर्यंत बर्फ नेऊ नका, नाहीतर खारे पाणी आत शिरेल. बादलीला गोणपाट गुंडाळा.

५) संचा असेल तर दांडा सावकाश पण न थांबता फिरवा. डबा असेल तर तो दोन्ही हातांनी अर्धा इकडे, अर्धा तिकडे फिरवत राहा. दर पाच मिनिटांनी झाकण कोरड्या फडक्याने पुसून उघडा, कडेला धरलेले मिश्रण लाकडी उलथन्याने खरवडून मध्ये आणा आणि जोरात घोटा.

६) अर्धा तास ते पाऊण तासात मिश्रण घट्ट होईल, दांडा जड जाऊ लागेल. जमलेले खारे पाणी थोडे काढा, नवा बर्फ आणि मीठ घाला, वर गोणपाट टाकून तासभर मुरू द्या.

थोडे गणित करू. ७०० ग्रॅम मिश्रण फ्रिजच्या तापमानावरून उणे ४ पर्यंत आणून त्यातले निम्मे पाणी गोठवायला ढोबळमानाने २७ हजार कॅलरी काढाव्या लागतात. ८० ने भागले तर सुमारे ३५० ग्रॅम बर्फ पुरावा. मग ३ किलो कशाला? एक तर बर्फ डब्याला सर्व बाजूंनी भिडायला हवा. दुसरे म्हणजे आपल्या मे महिन्याची ४० अंशांची हवाही बर्फाला उष्णता देत बसलेली असते. गोणपाट नीट गुंडाळले आणि सावलीत बसलात, तर बर्फ किती वाचतो ते स्वतःच पाहा.

५. दूध फाटत कसे नाही?

ताज्या दुधाचा सामू, म्हणजे पीएच, ६.६ ते ६.८ असतो. संत्र्याचा सोडा बराच आंबट, त्याचा सामू ३ च्या आसपास. दुधातले केसीन हे प्रथिन सामू ४.६ कडे गेला की गोळा होऊ लागते. पनीर करताना आपण हेच घडवून आणतो. पण पनीरला दूध उकळते लागते, आणि इथे दोन्ही वस्तू गार आहेत. शिवाय कंडेन्स्ड मिल्क आटवलेले असल्याने त्यातले क्षार आणि प्रथिने आंबटपणा बराच पचवतात. म्हणून मिश्रण थोडे दाट होते, फाटत नाही. उकळते दूध घेऊन त्यात लगेच सोडा ओतला तर काय होईल, ते आता तुम्ही सांगू शकाल. पंजाबात उन्हाळ्यात दूध-सोडा पितात, तोही गारच.

६. सोड्याने आईस्क्रीम फुलते का?

आता मुख्य प्रश्न. गोड सोड्याच्या एका लिटरमध्ये साधारण तीन ते चार लिटर वायू कोंबलेला असतो. एवढा वायू आईस्क्रीममध्ये राहिला तर ते फुलायलाच हवे. पण आपण काय काय केले ते आठवा. बाटली उघडली, दाब गेला. पातेल्यात ओतले, ढवळले, फेस बसू दिला. मग अर्धा तास घोटले. बाटली हलवल्यावर वायू का उसळतो हे ठाऊक असेल, तर घोटण्याने तो मिश्रणात राहणार की निघून जाणार, हेही कळेल. शिवाय पाणी गोठताना बर्फाच्या स्फटिकात वायूला जागा नसते, तो बाहेर ढकलला जातो. जिभेवर जी हलकी चुणचुण लागते ती उरलेल्या थोड्या वायूची.

आईस्क्रीम मऊ होते ते घोटण्याने. घोटताना तीन गोष्टी घडतात. कडेला धरलेला बर्फ वेळीच खरवडला जातो, म्हणून स्फटिक बारीक राहतात. बाहेरची हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने आत जाते. आणि दुधातली प्रथिने व स्निग्धांश त्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. सोडा देतो तो स्वाद, साखर आणि पाणी. गार करतो बर्फ-मीठ, फुलवतो तुमचा दंड.

आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तपासा. एकाच मापाची तीन मिश्रणे करा.

अ) ताजा सोडा, घोटलेले.
ब) आदल्या रात्री उघडून वायू घालवलेला सोडा, घोटलेले.
क) ताजा सोडा, न घोटता उघड्या वाटीत तसाच फ्रीजरमध्ये ठेवलेला.

मिश्रण गोठण्यापूर्वी त्याने एक वाटी काठोकाठ भरून वजन करा. आईस्क्रीम झाल्यावर तीच वाटी पोकळी न ठेवता भरून पुन्हा वजन करा. समजा मिश्रणाची वाटी ११० ग्रॅम आणि आईस्क्रीमची ८८ ग्रॅम भरली. वाटीचे स्वतःचे वजन अर्थातच आधी वजा करायचे. फरक २२ ग्रॅम. २२ ला ८८ ने भागून १०० ने गुणले की २५ येते, म्हणजे फुलावट २५ टक्के. 'क' बर्फाच्या गोळ्यासारखे कडक आणि खरखरीत लागेल. 'अ' आणि 'ब' यांच्यात किती फरक पडतो, तो आकडा या प्रयोगाचा प्राण आहे. त्यावरून वायूचा वाटा किती आणि हाताचा किती ते ठरेल. चव ओळखताना डोळे बांधा. आधी कळले की जीभ मनाच्या बाजूने बोलते.

हा हिशेब दुकानातही उपयोगी पडतो. आईस्क्रीम लिटरवर विकतात, म्हणून हवा जितकी जास्त तितके वजन कमी. आपल्या देशाच्या अन्न नियमांप्रमाणे एका लिटर आईस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम हवे, आणि आईस्क्रीम म्हणवणाऱ्या पदार्थात दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के हवा. आपल्या सोड्याच्या आईस्क्रीममध्ये स्निग्धांश दोन-तीन टक्केच भरतो. म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर ते दुधाळ सरबताचे भावंड आहे. मलईदार हवे असेल तर मिश्रणात घरची ताजी साय घोटून घाला. आणि साखरही मोजा : १०० ग्रॅमच्या एका वाटीत सुमारे २४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाच चहाचे चमचे. वाटी एकच पुरे.

७. हे मात्र पाळाच

• सोड्याची बंद बाटली फ्रीजरमध्ये कधीही ठेवू नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, त्यात वायूचा दाब. काचेची बाटली फुटून तुकडे डोळ्यांत जाऊ शकतात.

• मीठ घातलेला बर्फ उघड्या हाताने धरू नका. उणे १० अंशाला कातडी भाजल्यासारखी होते. ही गंमत म्हणून मित्राच्या हातावर मीठ-बर्फ दाबून धरणे हा खेळ नव्हे. त्याने खरी जखम होते.

• बाजारचा लादीचा बर्फ खाण्याचा असतोच असे नाही. तो बादलीत ठीक, डब्यात किंवा सरबतात नको. महाराष्ट्रात २०१८ साली अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून तो निळसर करण्याचा नियम झाला, तो याच कारणासाठी.

• समारंभात धूर सोडणारा कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचे तापमान उणे ७८ अंश. त्याला हात लावू नका, तोंडात घालू नका आणि तो बंद डब्यात कोंडू नका.

• एकदा वितळलेले आईस्क्रीम पुन्हा गोठवून खाऊ नका.

• उरलेले खारे पाणी कुंडीत किंवा तुळशीत ओतू नका, झाड जळेल. रुंद परातीत घालून गच्चीवर उन्हात ठेवा. पाणी उडून मीठ उरेल, ते पुढच्या वेळी बादलीत चालेल. खाण्यासाठी मात्र नाही.

स्वाध्याय

१) घरात सोडा या नावाच्या कोणकोणत्या वस्तू आहेत? प्रत्येकीचे रासायनिक नाव आणि उपयोग यांचा तक्ता करा.

२) साखर न घालता नुसते दूध संच्यात फिरवले तर ते लवकर गोठेल की उशिरा? मऊ राहील की कडक? कारणे द्या.

३) वाटीतले मिश्रण १२० ग्रॅम आणि आईस्क्रीम ९६ ग्रॅम भरले. फुलावट काढा.

४) 'अ' आणि 'ब' प्रयोगांचे आकडे आणि डोळे बांधून चाखणाऱ्यांची मते वहीत लिहा. तुमचा निष्कर्ष आमच्या वरच्या म्हणण्याशी जुळला नाही, तर तसेच लिहा. आकडे बदलू नका.

५) आजी-आजोबांना विचारा : तुमच्या लहानपणी संच्यात कोणते आईस्क्रीम होई, बर्फ कुठून आणत, आणि दांडा कोण फिरवी? दहा ओळी लिहा.

प्रयोग घरातल्या मोठ्यांच्या देखतच करायचा. जूनमध्ये शाळा उघडेल त्या आठवड्यात वह्या विज्ञान शिक्षकांकडे द्याव्यात. सर्व वर्गांचे आकडे एकत्र करून त्यांचा तक्ता पुढच्या अंकात छापू.